विजेवरच्या होडीचं अ‍ॅव्हरेज कसं काढायचं

माझ्या होडीला विजेची मोटर बसवली त्या दिवशी फोनच्या पडद्यावर ताशी ८.१ किलोमीटर असा आकडा दिसला आणि मी हवेत गेलो. दाभोळच्या खाडीत ओहोटी लागली होती आणि मी तिच्याबरोबरच मुखाकडे चाललो होतो, हे डोक्यातच आलं नाही. पंचवीस मिनिटांनी मागे वळलो. जाताना जे पाणी ढकलत होतं, तेच आता समोरून आलं. धक्का दिसत असताना मोटरचा आवाज बसला, आणि शेवटचे चार-पाचशे मीटर मी वल्ही मारत आलो. धक्क्यावर जाळं सांधत बसलेले तांडेल काका सगळं बघत होते. त्यांनी एकच विचारलं, "काय रे, अ‍ॅव्हरेज काय देते?"

डिझेलवाल्याला हा प्रश्न विचारा, तो झोपेतही लिटरचा हिशेब सांगेल. मला काही सांगता आलं नाही. पुढच्या काही महिन्यांत ते उत्तर कसं काढलं, ते इथे लिहितो. होडी साधी आहे: १४ फुटी, फायबरची, मागच्या फळीला अडकवायची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर, आत दोन माणसं. तुमची होडी आणि मोटर वेगळी असेल तर आकडे बदलतील, पद्धत बदलणार नाही.

नक्की काय मोजायचं

दोनच गोष्टी मोजायच्या: वेग आणि वॉट. वेग ताशी किलोमीटरमध्ये घ्या. दर्यावर जाणारे नॉटमध्ये बोलतात (१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर), पण खाडीत आणि धरणात किलोमीटर पुरतात. वॉट म्हणजे बॅटरीचे व्होल्ट गुणिले बॅटरीतून निघणारे अँपिअर.

वॉटला वेगाने भागलं की किलोमीटरला किती वॉट-तास लागतात ते निघतं. ताशी ५.५ किलोमीटर वेगाला ३६० वॉट लागत असतील, तर ३६० भागिले ५.५, म्हणजे किलोमीटरला ६५ वॉट-तास. हे तुमचं अ‍ॅव्हरेज. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत १२८० वॉट-तास असतात. तळापर्यंत जायचं नाही म्हणून त्यातले हजार धरा. हजार भागिले ६५, म्हणजे १५ किलोमीटर. जाऊन-येऊन १५, एका बाजूला नाही. हसू नका, ही चूक मी केलेली आहे.

दुकानदार "तीन तास चालेल" म्हणतो तेव्हा त्याला विचारा, कुठल्या वेगाला? उत्तर येत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. माझी पहिली बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची होती, लेड-अ‍ॅसिड. तिच्यावर छापलेले अँपिअर-तास साधारणपणे वीस तासांच्या हिशेबाने असतात. १०० अँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअरने वीस तास. त्याच बॅटरीतून ५० अँपिअर ओढले तर दोन तास मिळत नाहीत, बरेच कमी मिळतात, आणि व्होल्ट आधीपासूनच खाली येतात. माझी पहिली फजिती निम्मी ओहोटीने केली, निम्मी या बॅटरीने. लिथियममध्ये हा घाटा फार थोडा असतो. तुमच्याकडे लेड-अ‍ॅसिड असेल तर चालेल, पण छापील आकड्यावर हिशेब बांधू नका.

सामान

वेगासाठी फोनच पुरतो, मार्ग नोंदवणारं कुठलंही जीपीएस अ‍ॅप चालेल. मात्र पडद्यावरच्या क्षणाक्षणाच्या वेगाकडे बघू नका, तो उड्या मारतो. ठरलेलं अंतर आणि त्याला लागलेला वेळ, एवढंच खरं. फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत घालून दोरीने होडीला बांधा.

वॉटसाठी शंट (करंट मोजायला वायरीत घालायचा अगदी कमी रोधाचा तुकडा) असलेला डीसी वॉट-मीटर घ्या. शंट बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये बसतो. मीटर व्होल्ट, अँपिअर, वॉट आणि एकूण वॉट-तास दाखवणारा हवा. स्वस्तातल्या मीटरवर १०० अँपिअर छापलेलं असतं, पण आतल्या वायरी बोटाएवढ्याही नसतात. ५० अँपिअरवर दहा मिनिटं चालवा आणि वायरीला हात लावून बघा. चटका बसला तर तो मीटर घरी ठेवा.

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा) असेल तर तो डीसी करंट मोजणारा आहे ना, हे आधी पाहा. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो बहुतेक वेळा फक्त एसी करंट मोजतो आणि तुमच्या वायरवर शून्य दाखवत बसतो. डीसीचा असला तरी प्रत्येक वेळी मोजण्याआधी झीरोचं बटण दाबा.

अँपिअर नेहमी बॅटरीच्या बाजूने मोजायचे. हे महत्त्वाचं आहे. वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल, तर कंट्रोलर ते मोटर या वायरीतला करंट बॅटरीतून निघणाऱ्या करंटपेक्षा जास्त असतो, कारण तिथे व्होल्ट कमी झालेले असतात. मोटरकडचे अँपिअर आणि बॅटरीकडचे व्होल्ट यांचा गुणाकार केलात तर होडी उगाच खादाड ठरेल.

बाकीचं सामान: सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा (५० किलोचा), वीस मीटर दोर, पाण्याचे चार-पाच वीस लिटरी कॅन, वही आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर उठत नाही. दोन लाइफ जॅकेट आणि दोन वल्ही ही सामानात मोजायचीच नाहीत, ती होडीत असतातच. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज किंवा डीसीचा एमसीबी हवा. घरातला एसीचा एमसीबी इथे लावू नका, डीसीची ठिणगी त्याला विझवता येईलच असं नाही.

आणि परवानगी. खाडीत मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आणि धरणात पाटबंधारे खात्याकडे आधी विचारून घ्या.

दिवस, वेळ, जागा

निम्मी चाचणी इथेच जिंकली किंवा हरली जाते. आपल्याला वारा नको आणि वाहतं पाणी नको.

वाऱ्याचं सोपं आहे. रात्रीचे मतलई वारे पडलेले असतात आणि खारे वारे अजून उठलेले नसतात, अशी सकाळची दीड-दोन तासांची खिडकी मिळते. उजेड झाल्यापासून साधारण साडेआठपर्यंत. पाण्यावर गवताच्या पात्याएवढ्या सुरकुत्या दिसायला लागल्या की आवरतं घ्या.

भरतीचं गणित आपल्याकडे घरोघर आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. किनारा बदलला की वेळ थोडी सरकते, आणि खाडीत मुखापासून जितके आत जाल तितका उशीर होतो, पण दिवस निवडायला हे पुरेसं आहे. आता गंमत बघा. अष्टमीच्या पुढचे दोन दिवस भांगाचे, म्हणजे पाण्याची चढ-उतार सगळ्यात कमी आणि ओढही कमी. नवमीला पूर्ण भरती पावणेसातला, दशमीला साडेसातला. म्हणजे भरलेली खाडी, जवळजवळ थांबलेलं पाणी आणि पडलेला वारा हे तिन्ही एकाच सकाळी मिळतात. पंधरवड्यातून एकदा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मात्र पाण्यावर जाऊन मोजमाप करायचा नाद सोडा.

पाणी खरंच थांबलंय का, हे बघायला नारळाचं ओलं सोडण पाण्यात टाका. ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे पाणी जिकडे जाईल तिकडेच जातं. थर्माकोलचा तुकडा टाकलात तर तो वाऱ्याची दिशा सांगेल, पाण्याची नाही.

घाटावरच्या मंडळींना हे सगळं लागत नाही. उजनी, मुळशी, पवना, कुठल्याही धरणाच्या फुगवट्यात भरती नाही. पण सकाळ तिथेही गाठायचीच, कारण मोकळ्या पाण्यावर दहा-अकरानंतर वारा ठरलेला.

खोली निदान दोन पुरुष हवी. उथळ पाण्यात होडीची लाट तळाला जाणवते आणि होडी मागून बसल्यासारखी होते. मीटरभर पाण्यात लाटेलाच ताशी ११ किलोमीटरच्या वर धावता येत नाही, आणि त्या मर्यादेच्या बरंच अलीकडे होडी जड व्हायला लागते. दोरीला दगड बांधून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये खोली बघून घ्या.

पट्टा ५०० मीटरचा घ्या. सुरुवात आणि शेवट ओळखायला किनाऱ्यावर एकामागे एक अशा दोन खुणा धरा: पुढे एखादा खांब, मागे माड. होडीतून बघताना खांब आणि माड एका रेषेत आले की त्या क्षणी घड्याळ दाबा. एकाच खुणेवर विसंबलात तर "आली-आली" म्हणेपर्यंत दहा मीटर जातात. जीपीएस यायच्या आधी मोठाल्या आगबोटींचा वेगही असाच मोजायचे. स्कॉटलंडमध्ये क्लाईड नदीच्या मुखाबाहेर स्केलमोर्लीला किनाऱ्यावर खांबांच्या जोड्या रोवून एक दर्यावर्दी मैल आखलेला होता, आणि क्लाईडवर बांधलेली जहाजं तिथे धावून दाखवत.

अंतर लहान ठेवायचा मोह होतो. ५० मीटर पट्ट्यात घड्याळ एक सेकंद चुकलं तर वेग तीन टक्क्यांनी चुकतो. ५०० मीटरमध्ये तीच चूक दिसतसुद्धा नाही.

निघण्याआधी

होडी उलटी करून तळ खरवडा. पाण्यात दोन-तीन आठवडे उभ्या असलेल्या होडीला शेवाळाचा बुळबुळीत थर असतोच, आणि तो हाताला वाटतो त्यापेक्षा पाण्याला फार जाड वाटतो. मग पंखा काढा. कोळी मंडळी प्रोपेलरला पंखाच म्हणतात आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो. पंख्यामागे दांड्यावर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) गुंडाळलेला सापडला नाही तर तुम्ही नशीबवान. माझ्याकडे एकदा हातभर निघाला, आणि तो सीलमध्ये घुसायच्या बेतात होता.

बॅटरी पूर्ण चार्ज करून तास-दोन तास तशीच ठेवा. माणसं आणि सामान तोलून वहीत लिहा. वजन लिहिलं नाही तर महिन्याने त्या आकड्यांचा काही उपयोग नाही. दुसरा माणूस मिळाला नाही तर त्याच्या जागी तीन-चार भरलेले कॅन ठेवा. कॅन गप्पा मारत नाहीत आणि जागा बदलत नाहीत, त्यामुळे चाचणीला माणसापेक्षा बरे.

कोण कुठे बसतो तेही लिहा. मी मोटरजवळ एकटा बसायचो तेव्हा मागची बाजू बुडायची आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर यायची. वजन पुढे सरकवून होडी सपाट केली, मोटरची खुंटी (वेग कमी-जास्त करायची) तिथेच ठेवली, तर वेग ताशी ५.२ वरून ५.५ झाला. एक पैसा न घालता झालेली ही माझी सगळ्यात मोठी सुधारणा.

धाव

मोटरची खुंटी एका जागी लावा, उदाहरणार्थ निम्म्यावर, आणि पट्टा संपेपर्यंत तिला हात लावू नका. पट्ट्याच्या शंभर मीटर आधीपासून सरळ या, म्हणजे पहिली खूण येईपर्यंत वेग ठरलेला असेल. पहिल्या खुणेला घड्याळ सुरू, दुसऱ्या खुणेला बंद. एकाने सुकाणू धरायचं आणि फक्त सरळ जायचं, दुसऱ्याने घड्याळ आणि मीटर बघायचा. एकटे असाल तर दुसरा फोन मीटरसमोर अडकवून चित्रीकरण सुरू ठेवा आणि आकडे घरी येऊन लिहा. हे मला उशिरा सुचलं. त्याआधीच्या वहीत माझे काही आकडे मलाच वाचता येत नाहीत.

पट्टा संपला की पुढे जाऊन मोठा फेरा घेऊन वळा आणि त्याच खुंटीवर उलट दिशेने या. दाभोळ-धोपावे फेरीबोट गेली असेल तर तिच्या लाटा किनाऱ्याला आपटून परत येईपर्यंत थांबा. ती धाव मोजायला घेतलीत तर खोडायलाच लागेल.

सगळ्यात कमी वेगापासून सुरू करून चार-पाच टप्प्यांत पूर्ण वेगापर्यंत जा. शेवटी पहिल्या टप्प्याची धाव पुन्हा एकदा घ्या. ती पहिल्यासारखी आली तर मधल्या काळात वारा-पाणी बदललं नाही असं समजा. नाही आली, तर सकाळ वाया गेली. होतं असं.

सरासरी काढताना होणारी चूक

समजा, पाण्याबरोबर वेग आला ६.९ आणि पाण्याविरुद्ध ४.१. दोन्हींची बेरीज करून निम्मे करा: ५.५. हा होडीचा पाण्यातला खरा वेग, आणि पाण्याची ओढ ताशी १.४.

नवखा माणूस हे न करता एकूण अंतराला एकूण वेळेने भागतो. जाताना २६१ सेकंद, येताना ४३९, मिळून ७०० सेकंदांत एक किलोमीटर, म्हणजे ताशी ५.१४. बरोबर वाटतं, पण चूक आहे. उलट्या पाण्यात होडी जास्त वेळ असते, त्यामुळे तो वेग हिशेबात जास्त वजन खातो. ही चूक नेहमी होडीला कमी दाखवते, आणि ओढ जितकी जास्त तितकी मोठी होते. म्हणून वेगांची सरासरी घ्यायची, वेळेची नाही.

खाडीत आणखी एक पेच असतो: तुमच्या दोन धावांच्या मध्ये ओढ बदलते. त्यावर जहाजवाल्यांची जुनी युक्ती आहे. तीन धावा घ्यायच्या, जा-ये-जा, आणि मधल्या धावेला दुप्पट वजन द्यायचं. माझ्या वहीतली एक सकाळ: ६.८, ४.४, ६.४. म्हणजे ६.८ अधिक दोनदा ४.४ अधिक ६.४, बेरीज २२, भागिले चार, उत्तर ५.५. तिन्हींची सरळ सरासरी घेतली असती तर ५.९ आली असती आणि मी पुन्हा हवेत गेलो असतो.

वॉटची सरासरी मात्र सरळ काढा. ठरलेल्या खुंटीवर वॉट दोन्ही दिशांना जवळपास सारखेच येतात. फार फरक आला तर पंख्यात काहीतरी अडकलंय.

माझी वही

दोन माणसं, लिथियम बॅटरी, स्वच्छ तळ, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. हजार वॉट-तास वापरायचे धरून:

ताशी ३.४ किमी: ९० वॉट, किलोमीटरला २६ वॉट-तास, पल्ला ३८ किमी
ताशी ४.५ किमी: २०० वॉट, ४४ वॉट-तास, २२ किमी
ताशी ५.५ किमी: ३६० वॉट, ६५ वॉट-तास, १५ किमी
ताशी ६.६ किमी: ६२० वॉट, ९४ वॉट-तास, साडेदहा किमी

शेवटच्या दोन ओळी बघा. दहा किलोमीटर जायला पूर्ण वेगाने ९१ मिनिटं लागतात, ५.५ ने १०९. अठरा मिनिटं वाचवायला जवळजवळ २९० वॉट-तास जास्त मोजावे लागतात. होडीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट. मोटारसायकलवर वाढलेल्या आपल्या अंगाला हे पटकन पटत नाही.

आणि त्याला वरून टोपीही आहे. होडी पाण्यात स्वतःची लाट उभी करते आणि एका वेगापुढे त्याच लाटेच्या चढावर अडकते. तो वेग ढोबळमानाने असा काढतात: पाण्यालगतच्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. माझ्या होडीची पाण्यालगतची लांबी १३ फूट, म्हणजे ४.८ नॉट, ताशी ९ किलोमीटरच्या आसपास. जड, गोल तळाच्या होडीला त्यापुढे मोठी मोटर लावणं म्हणजे बॅटरीचे पैसे लाटेवर उधळणं.

केरळात वैकम ते तवणक्कडवू चालणारी 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट बघा. जानेवारी २०१७ मध्ये ती सुरू झाली. २० मीटर लांबीची ही बोट जास्तीत जास्त सुमारे साडेसात नॉटने जाऊ शकते, रोज चालते साडेपाचने. वरच्या सूत्राने तिची टोपी दहा नॉटच्याही वर येते. जितकं सावकाश जाऊन वेळापत्रक सांभाळता येतं तितकंच जायचं, म्हणून तिला छोटी बॅटरी आणि छपरावरचं ऊन पुरतं.

आकडे आलेख-कागदावर मांडा, आडवा वेग, उभे वॉट. गुळगुळीत वर चढणारी रेघ आली पाहिजे. एखादा ठिपका रेघेबाहेर पडला तर बहुतेक ती धाव चुकली आहे. खालच्या वेगाचे ठिपके सगळेच वर असतील तर मोटरचा स्विच तपासा. जुन्या पद्धतीच्या पाच टप्प्यांच्या मोटरमध्ये वेग कमी करायला आत रोधक घातलेले असतात, आणि वाचलेली वीज तिथे गरम होऊन जाते. माझ्या मोटरला त्या स्विचवर साडेचारच्या वेगाला २४० वॉट लागत, कंट्रोलर लावल्यावर २०० वर आले.

उलट्या पाण्यात मात्र 'जितकं सावकाश तितकं स्वस्त' हा नियम मोडतो. समोरून अडीचची ओढ असेल तर ३.४ ने चालणारी होडी जमिनीच्या हिशेबाने ०.९ नेच सरकते, आणि किलोमीटरला १०० वॉट-तास खाते. ४.५ ने गेलात तरी तेवढेच १००, पण निम्म्याहून कमी वेळात पोचता. उलट्या ओढीच्या दीडपट वेग ठेवला की सगळ्यात कमी खर्च, हा घनाच्या नियमातून निघणारा आडाखा मला खाडीत बरोबर लागू पडलेला दिसला आहे.

वीज कुठे गळते

धक्क्याला होडी बांधून एक सोपी चाचणी होते. होडीच्या मागच्या कडीला हुकाचा काटा, काट्याला दोर, दोर धक्क्याच्या खुंट्याला. मोटर पूर्ण वेगाने चालवा आणि काटा वाचा. मोटरवर ५५ पाउंड छापलेले असतील तर काट्याने २५ किलोच्या जवळ जायला हवं. माझा २२ वर अडकला.

कारण वायरीत निघालं. वजनाचा तोल साधायला मी बॅटरी नाळेकडे नेली होती आणि घरात पडलेली सहा स्क्वेअरची (सहा चौरस मिलिमीटर तांब्याची) वायर जोडली होती. जायची-यायची मिळून सहा मीटर. मोटर पूर्ण वेगाने चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १२.५ व्होल्ट होते, मोटरच्या टोकांवर ११.६. म्हणजे ०.९ व्होल्ट गुणिले ५० अँपिअर, ४५ वॉट नुसती वायर तापवण्यात. सोळा स्क्वेअरची वायर आणि नीट दाबलेले लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) लावल्यावर गळती ०.३ व्होल्टवर आली आणि काटा २४ वर गेला. दरवर्षी पावसाळा संपला की ही बांधलेली चाचणी घ्या. मागच्या वर्षीपेक्षा आकडा पडला, तर पंखा, वायर किंवा मोटरचे ब्रश यांपैकी कुणीतरी दमलं आहे.

हौस असेल तर पुढची पायरी. मोटर वर उचलून ठेवा आणि दुसऱ्या होडीला आपली होडी वीस मीटर दोराने ओढायला लावा, मध्ये काटा. दोर आखूड नको, नाहीतर पुढच्या पंख्याचं पाणी तुमच्या नाळेवर येतं. ताशी ५.५ च्या वेगाला माझ्या काट्याने ७ किलो दाखवले, म्हणजे ६९ न्यूटन. त्याला सेकंदाला १.५३ मीटर या वेगाने गुणलं की १०५ वॉट. होडी पुढे न्यायला खरोखर एवढेच लागतात. बॅटरीतून निघत होते ३६०. म्हणजे शंभरातले २९ होडीच्या कामी आले, बाकीचे वायर, मोटर आणि पंख्याने घुसळलेल्या पाण्यात गेले. छोट्या ट्रोलिंग मोटरच्या मानाने हे वाईट नाही. पंखा बदलून बघायचा असेल तर याच आकड्याशी तुलना करा, जाहिरातीशी नको.

शेवटची धाव

हे सगळं झालं की एक दिवस बॅटरी खरंच रिकामी करून बघा, आपल्या नेहमीच्या वेगाने. धक्क्यापासून फार लांब न जाता फेऱ्या मारा, सोबत दुसरा माणूस, आणि काठावर एकाला सांगून. मीटरवर हजार वॉट-तास झाले की थांबा आणि किती किलोमीटर झाले ते बघा. माझे १४.३ झाले. वहीप्रमाणे १५ हवे होते, वळणांमध्ये थोडे गेले. त्यानंतर बॅटरी घरी चार्ज करताना चार्जरच्या प्लगला एसी मीटर लावा. चार्जर स्वतः थोडं खातो. माझा पंधरा टक्क्यांच्या आसपास खातो, त्यामुळे किलोमीटरला ६५ चे घरच्या मीटरवर ७६ होतात. एका युनिटला तेरा किलोमीटर.

हा आकडा घेऊन मी धक्क्यावर गेलो. काकांनी ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाले, "दोन माणसांचं झालं. जाळं आणि बर्फाची पेटी घेऊन?"

दशमीला त्यांची पेटी आणि जाळं तोलून घेतलं: ९४ किलो. साडेसातच्या भरतीला पहिली धाव आहे.